भाव बघण्याआधी स्वतःचा आकडा: एनबीए सामन्याचा आकडेवारीवरून अंदाज कसा बांधावा

नरकासुर जाळून झाला की जवळपास त्याच दिवसांत अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा मोसम सुरू होतो आणि गोव्यातल्या बास्केटबॉलवेड्यांची सकाळ लवकर उजाडू लागते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळे तासभर मागे जातात. त्यानंतर न्यूयॉर्कचा संध्याकाळी साडेसातचा सामना आपल्याकडे सकाळी सहाला, पाव विकणाऱ्या पोदेराच्या भोंप्याबरोबर सुरू होतो, आणि लॉस एंजेलिसचा सातचा सामना साडेआठला. ऑक्टोबरमध्ये आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारनंतर हेच सामने तासभर आधी. वेळेचे हे गणित आधी पक्के करा, कारण अंदाजातली सर्वांत महत्त्वाची माहिती सामना सुरू होण्याआधीच्या शेवटच्या अर्ध्या तासात येते.

कायद्याचे आधीच सांगून टाकतो. ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने २०२५ मध्ये केला आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींनी त्याला मंजुरी दिली. मांडवीतले कॅसिनो दिसतात म्हणून गोव्यात सगळेच चालते असे समजू नका. १९७६ च्या जुगारविरोधी कायद्यात पुढे जी सूट दिली गेली ती पंचतारांकित हॉटेलांतल्या यंत्रांना आणि जहाजांवरच्या टेबलांना. एनबीएवर भाव देणाऱ्या गल्लीतल्या बुकीला ती लागू नाही. म्हणून पुढची सगळी पद्धत वहीवरची आहे. आकडा लिहायचा, भावाशी ताडायचा, निकालानंतर गुण द्यायचे. पैसे न लावताही यातून खेळ दुप्पट कळतो.

पद्धतीचा कणा एकच: भाव बघण्याआधी स्वतःचा आकडा लिहा. भाव म्हणजे जिंकल्यास लावलेल्या एका रुपयामागे बुकी एकूण किती परत देईल तो आकडा. भाव एकदा डोळ्यांखालून गेला की मन त्याच्याच आसपास घुटमळते, आणि मग तुमची आकडेवारी त्याला पाठिंबा देणारे पुरावे शोधत बसते.

ताबे मोजायला शिका

सामन्यामागे सरासरी गुण हा आकडा फसवा. जलद खेळणारा संघ जास्त गुण करतो आणि जास्त गुण देतोही. म्हणून सगळे मोजमाप शंभर ताब्यांमागे करायचे. ताबा म्हणजे चेंडू हाती आल्यापासून तो प्रतिस्पर्ध्याकडे जाईपर्यंतचा काळ. ताबे कोणी थेट मोजत नाही, ते असे काढतात: मारलेल्या फेकी, वजा आक्रमक रिबाउंड (आपल्याच हुकलेल्या फेकीचा चेंडू पुन्हा मिळवणे), अधिक टर्नओव्हर (फेक न मारताच चेंडू गमावणे), अधिक फ्री थ्रोंची (फाउलबद्दल मिळणाऱ्या मोफत फेकींची) ०.४४ पट. फ्री थ्रो दोन-दोनच्या जोडीने मिळतात, मग ०.५ का नाही? कारण बास्केट झाल्यावर मिळणारा जादा फ्री थ्रो किंवा टेक्निकल फाउलचा फ्री थ्रो नवा ताबा खर्च करत नाही.

हे हाताने एकदा तरी करा. फोंड्यात, म्हापशात, मडगावात कुठेही शालेय किंवा क्लबची स्पर्धा असेल तेव्हा वही घेऊन बसा. पानावर प्रत्येक संघासाठी पाच रकाने आखा: दोनच्या फेकी, तीनच्या फेकी, फ्री थ्रो, आक्रमक रिबाउंड, टर्नओव्हर. फेक आत गेली तर रेघेभोवती गोल, हुकली तर नुसती रेघ. समजा शेवटी एका संघाच्या ५८ फेकी, ११ आक्रमक रिबाउंड, १६ टर्नओव्हर आणि १८ फ्री थ्रो निघाले. ५८ − ११ + १६ + ७.९ म्हणजे सुमारे ७१ ताबे. गुण ६४ असतील तर शंभर ताब्यांमागे ९०. नवखे लोक हमखास चुकतात ते आक्रमक रिबाउंडमध्ये. फेक हुकली, आपल्याच गड्याने चेंडू उचलला, पुन्हा मारला, तर ताबा एकच, फेकी दोन. ही नोंद सुटली की ताबे फुगतात आणि संघ आहे त्यापेक्षा कमजोर दिसतो.

आपल्याकडचे सामने आंतरराष्ट्रीय नियमांनी दहा मिनिटांच्या चार डावांचे, एकूण ४० मिनिटांचे असतात, एनबीएचे ४८ मिनिटांचे. एनबीएत एका संघाला सामन्यात ९९-१०० च्या आसपास ताबे मिळतात. अलीकडच्या मोसमांत शंभर ताब्यांमागे सरासरी ११४-११५ गुण होतात. हे दोन आकडे पाठ असू द्या, सगळी तुलना यांच्याशीच करायची आहे.

मूळ आकडा

आदल्या रात्री नऊ-साडेनऊला बसा. तेव्हा अमेरिकेत सकाळ असते आणि आधीच्या रात्रीचे सगळे सामने आकडेवारीत जमा झालेले असतात. दोन्ही संघांचे तीन आकडे उतरवा: वेग (४८ मिनिटांतले ताबे), हल्ला (शंभर ताब्यांमागे केलेले गुण) आणि बचाव (शंभर ताब्यांमागे दिलेले गुण).

उदाहरण घेऊ. यजमान संघाचा वेग १०१, हल्ला ११७, बचाव ११२. पाहुण्याचा वेग ९७, हल्ला ११३, बचाव ११३. लीगची सरासरी वेगाला ९९, गुणांना ११४.५ धरा. सामन्याचा अपेक्षित वेग म्हणजे दोन्ही वेगांची बेरीज वजा सरासरी: १०१ + ९७ − ९९ = ९९. यजमानाचा अपेक्षित हल्ला म्हणजे त्याचा हल्ला अधिक पाहुण्याचा बचाव वजा सरासरी: ११७ + ११३ − ११४.५ = ११५.५. पाहुण्याचा: ११३ + ११२ − ११४.५ = ११०.५. फरक शंभर ताब्यांमागे ५, तो ९९ ताब्यांवर आणला की ४.९५. दोघांचे मिळून गुण २२६ × ०.९९, म्हणजे २२४ च्या जवळ.

सरासरी वजा करायला विसरणे ही सर्वांत जास्त दिसणारी चूक. दुसरी चूक म्हणजे हल्ला आणि बचाव यांची नुसती सरासरी काढणे. त्याने चांगला संघ साधारण दिसतो आणि वाईट संघही साधारणच दिसतो.

मोसमाच्या सुरुवातीच्या दहा-पंधरा सामन्यांत या आकड्यांवर भार टाकू नका, गेल्या मोसमाचे आकडे त्यात मिसळा. उलट फेब्रुवारीत संघांमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपली की जुने आकडे निरुपयोगी होऊ शकतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये डॅलसचा मुख्य खेळाडू लुका डॉन्चिच लॉस एंजेलिसच्या लेकर्सकडे गेला. त्यानंतर डॅलसची मोसमभराची सरासरी धरून बसणारा माणूस अस्तित्वातच नसलेल्या संघाचा अंदाज बांधत होता. अशा वेळी अदलाबदलीनंतरचेच सामने घ्या, ते थोडे असले तरी.

दुरुस्त्या

घरच्या मैदानाचा फायदा पूर्वी तीन गुण धरत, हल्ली दोन ते अडीच पुरे. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचीवर आहे, तिथे थोडा जास्त धरा. पाहुण्यांना दम लागतो आणि शेवटच्या डावात पाय जड होतात. लागोपाठच्या दोन रात्रींतला दुसरा सामना खेळणाऱ्या संघाचे एक-दीड गुण कापा. दोन्ही संघ थकलेले असतील तर दुरुस्ती शून्य.

आपल्या उदाहरणात घरचे २.२ मिळवले: ७.१५. यजमान काल रात्रीही खेळला आहे, १.५ वजा: ५.६५.

मग जोड्या बघा. चांगली फेक, टर्नओव्हर, आक्रमक रिबाउंड आणि फ्री थ्रो मिळवणे या चार गोष्टींवर सामना ठरतो, आणि महत्त्वही साधारण याच क्रमाने. फेकीसाठी साधी टक्केवारी वापरू नका. तीनच्या यशस्वी फेकीला दीडपट धरा: ८८ पैकी ४० आत, त्यांतल्या १३ तीनच्या, तर (४० + ६.५) ÷ ८८, म्हणजे ५२.८ टक्के. पाहुणा आक्रमक रिबाउंडमध्ये अव्वल आणि यजमान बचावातले रिबाउंड सोडणारा असेल, तर पाहुण्याला अर्धा-एक गुण द्या. त्याहून जास्त नको, कारण दोन्ही संघांच्या हल्ला-बचावाच्या आकड्यांत ही गोष्ट बरीचशी आधीच आलेली असते. एकच गोष्ट दोनदा मोजणे हा या कामातला चोरटा दोष आहे. ‘गेले पाच सामने हरला’ म्हणून गुण कापायचे आणि त्या पाच सामन्यांत मुख्य खेळाडू जखमी होता म्हणून पुन्हा कापायचे, असे सर्रास होते.

दुखापतीचा अहवाल

खरी कसोटी इथे लागते. एनबीए संघांनी दुखापतींची यादी सामन्याच्या आदल्या दिवशी स्थानिक वेळेनुसार संध्याकाळी पाचपर्यंत द्यायची असते. लागोपाठच्या दुसऱ्या सामन्यासाठी ही मुदत त्याच दिवशी दुपारी एकची. त्यातल्या शब्दांना ठरलेले अर्थ आहेत. ‘प्रॉबेबल’ म्हणजे खेळण्याची शक्यता ७५ टक्के, ‘क्वेश्चनेबल’ म्हणजे ५०, ‘डाउटफुल’ म्हणजे २५, ‘आउट’ म्हणजे नाहीच. सुरुवातीचे पाच खेळाडू सामन्याच्या अर्धा तास आधी जाहीर होतात, म्हणजे सहाच्या सामन्यासाठी आपल्याकडे साडेपाचला. गजर पाच पंचवीसचा लावा.

पहिल्या फळीतला सर्वांत महत्त्वाचा खेळाडू नसेल तर चार-पाच गुण कापा, सुरुवातीच्या पाचांतल्या साधारण खेळाडूसाठी एक, बेंचवरच्या नवव्या-दहाव्या माणसासाठी काहीच नाही. लोक वाजवीपेक्षा जास्त कापतात, कारण जागा रिकामी राहत नाही, तिची ३५ मिनिटे दुसरे कोणीतरी खेळते. मात्र एकाच जागेचे दोघे, उदाहरणार्थ दोन्ही सेंटर (बास्केटजवळ खेळणारे उंच खेळाडू), एकत्र गैरहजर असतील तर नुकसान बेरजेपेक्षा जास्त होते.

यजमानाचा सर्वांत महत्त्वाचा खेळाडू ‘क्वेश्चनेबल’ आहे असे समजा. त्याचे निम्मे गुण कापू नका, दोन वेगळे अंदाज करा. तो खेळला तर फरक ५.६५, नाही खेळला तर ४ वजा करून १.६५.

आता गुणांच्या फरकावरून जिंकण्याची शक्यता काढायची. अंदाजित आणि प्रत्यक्ष फरक यांच्यातले प्रमाणित विचलन (म्हणजे अंदाज साधारण किती चुकतो ते माप) एनबीएत १२ गुणांच्या आसपास असते. त्यावरून १ गुणाची आघाडी म्हणजे जिंकण्याची शक्यता ५३ टक्के, ३ म्हणजे ६०, ५ म्हणजे ६६, ७ म्हणजे ७२, १० म्हणजे ८०. आपले ५.६५ म्हणजे ६८ टक्के, १.६५ म्हणजे ५५ किंवा किंचित जास्त. दोन्हींची सरासरी ६२. हा आकडा वहीत तारीख-वेळेसह लिहा.

१२ गुण इतके मोठे का, हे समजून घेण्यासारखे आहे. एक संघ आता सामन्यात तीनच्या ३७ च्या आसपास फेकी मारतो, त्यांतल्या ३६ टक्के आत जातात. नुसत्या नशिबाने हा आकडा तीन फेकी इकडेतिकडे होतो, म्हणजे एकाच संघाचे नऊ गुण! म्हणून गेल्या आठवड्यात एखाद्या संघाने तीनच्या ४५ टक्के फेकी घातल्या, तर त्या टक्केवारीला भुलू नका. त्याने फेकी किती मारल्या आणि मोकळ्या किती मिळवल्या ते बघा, ते टिकते. प्रतिस्पर्ध्याची तीनची टक्केवारी कमी ठेवणारा ‘अभेद्य’ बचाव बहुतेक वेळा महिनाभरात सरासरीवर येतो.

आता भाव उघडा

यजमान १.५०, पाहुणा २.६५ असा भाव दिसला. शंभरला प्रत्येक भावाने भागा: ६६.७ आणि ३७.७. बेरीज १०४.४. वरचे ४.४ बुकीचा वाटा. दोन्ही आकड्यांना १०४.४ ने भागून शंभरने गुणल्यावर बाजाराचे खरे मत टक्क्यांत कळते: यजमान ६४, पाहुणा ३६. तुमचे ६२. दोन टक्क्यांचा फरक म्हणजे एकमत, वहीत ‘काही नाही’ लिहून पुढे जा. बहुतेक सामन्यांत हेच होईल, आणि व्हायलाही हवे. आठ-दहा टक्क्यांचा फरक निघाला तर आधी स्वतःची चूक शोधा: दुखापतीची ताजी बातमी हुकली का, संघ कालच खेळला का, मार्च-एप्रिलमध्ये मुद्दाम हरण्याकडे कल असलेला संघ आहे का.

एकेका खेळाडूच्या गुणांचे, रिबाउंडचे भाव या पद्धतीत घेऊ नका, विशेषतः बेंचवरच्यांचे. जॉन्टे पोर्टरला एनबीएने एप्रिल २०२४ मध्ये आजन्म बंदी घातली ती याच प्रकारात. त्याने स्वतःच्या प्रकृतीची माहिती सट्टेबाजाला दिली आणि आजारपणाचे कारण देऊन सामना अर्धवट सोडला. असे गणित कोणत्याही सूत्रात बसत नाही.

निकालानंतर

लिहिलेल्या शक्यतेतून निकाल (जिंकला तर १, हरला तर ०) वजा करून वर्ग करा. ०.६२ लिहिले आणि यजमान जिंकला तर ०.१४, हरला तर ०.३८. आकडा जितका लहान तितका अंदाज चांगला. दर सामन्याला डोळे मिटून ५० टक्के लिहिणाऱ्याची सरासरी ०.२५ येते. शेजारच्या रकान्यात बाजाराच्या शक्यतेचाही असाच हिशेब ठेवा, खरी स्पर्धा तिच्याशी आहे.

पन्नास सामन्यांवरून स्वतःला शाबासकी देऊ नका. १.९१ च्या भावाला नुसते बरोबरीत सुटायला ५२.४ टक्के अंदाज खरे ठरावे लागतात. ५५ टक्के खरे ठरवणारा माणूस त्या रेषेच्या वर कौशल्याने आहे की नशिबाने, हे बऱ्यापैकी खात्रीने सांगायला जवळजवळ दीड हजार अंदाज लागतात. एनबीएच्या पूर्ण साखळी मोसमात सामने १,२३० असतात.