दोन माइकांत अख्खा ड्रमसेट: घरच्या घरी पहिला अल्बम

इंटरफेसला (माइक संगणकाला जोडणाऱ्या पेटीला) दोनच इनपुट असतील तर सगळा बँड एकदम रेकॉर्ड करायच्या भानगडीत पडू नका. आधी क्लिकवर, म्हणजे तालाच्या टिकटिकीवर, गिटार आणि गाण्याचा कच्चा ट्रॅक घ्या. तो हेडफोनवर ऐकत ड्रम, मग बेस, गिटार, शेवटी गाणं. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोजेक्ट २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. सर्वात जोरातला ठोकाही मीटरवर उणे १० डेसिबलच्या आसपासच थांबला पाहिजे. क्लिप झालेला, म्हणजे मर्यादेबाहेर जाऊन फाटलेला, आवाज नंतर धड दुरुस्त होत नाही.

खरी कसोटी ड्रमची. एक माइक स्नेअरच्या (वादकासमोरच्या कडक आवाजाच्या ड्रमच्या) बरोबर वर, मीटरभर उंचीवर. दुसरा फ्लोअर टॉमपलीकडे (जमिनीवर उभ्या मोठ्या ड्रमपलीकडे), स्नेअरकडे रोखून. आता साधी दोरी घ्या आणि स्नेअरच्या मध्यापासून दोन्ही अंतरं मोजा. ती सारखीच हवीत. वीतभर फरक पडला तरी आवाज दोन माइकांत मागेपुढे पोचतो आणि स्नेअर डबा बडवल्यासारखी पोकळ लागते. मग मोनोत, म्हणजे दोन्ही ट्रॅक एकत्र करून, ऐका, एका ट्रॅकची पोलॅरिटी (ध्वनिलहरीची वर-खाली दिशा) उलटवून बघा. किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) ज्या स्थितीत भरीव लागेल ती ठेवा.

बेस थेट इन्स्ट्रुमेंट इनपुटमध्ये. गाताना खोलीचा घुमारा शोषायला रजई गायकाच्या पाठीमागे टांगा. पुष्कळजण ती माइकच्या मागे लावतात, पण कार्डिऑइड माइक समोरचं ऐकतो, म्हणजे गायकामागच्या भिंतीचंच. स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येत असेल तर सॉफ्टवेअरमधला बफर (आवाज किती नमुन्यांच्या तुकड्यांत हाताळायचा तो आकडा) १२८ वर आणा. मिक्सिंगला १०२४ चालेल.

दर सेशननंतर प्रोजेक्टची प्रत दुसऱ्या डिस्कवर टाका.