रणगाडे पहिल्या दहा मिनिटांतच का जळतात? आधुनिक वॉरगेममधल्या या चुका टाळा

आधुनिक लढाईचा गेम नव्याने हाती घेतलेला माणूस बहुतेक वेळा सगळ्यात दणकट रणगाडे आधी पुढे काढतो. समोर मोकळं रान, पलीकडे झाडी. दोन मिनिटांत एक रणगाडा पेटतो, तिसऱ्या मिनिटाला दुसरा. मारा कुठून झाला तेही कळत नाही, आणि मग वाटतं की संगणक लबाडी करतोय. तो लबाडी करत नसतो. त्याला तुम्ही आधी दिसलेले असता, एवढंच. खाली सांगितलेल्या जवळपास सगळ्या चुका मुळात एकच आहेत: बघून होण्याआधी हलणं. मी प्रामुख्याने ‘कॉम्बॅट मिशन’ मालिकेतले ‘शॉक फोर्स २’ आणि ‘कोल्ड वॉर’ खेळतो, म्हणून उदाहरणं तिथली आहेत. ‘आर्मर्ड ब्रिगेड’ किंवा ‘फ्लॅशपॉइंट कॅम्पेन्स’ खेळणाऱ्यांनाही यातलं बरंच उपयोगी पडेल.

मला दिसतंय, म्हणजे माझ्या रणगाड्यालाही दिसतंय

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. नकाशावर शत्रूचं चिन्ह दिसतं ते तुमच्या कुठल्यातरी एका तुकडीने त्याला पाहिलं म्हणून. बाकीच्यांना त्याची खबर असेलच असं नाही. ‘कॉम्बॅट मिशन’मध्ये प्रत्येक तुकडी स्वतःच्या डोळ्यांनी बघते आणि माहिती रेडिओवरून किंवा हाकेच्या अंतरावरून हळूहळू इतरांपर्यंत जाते. तुमचा रणगाडा निवडून बघा: त्याला ठाऊक नसलेले शत्रू नकाशावरून नाहीसे होतात. तेवढ्या एका क्लिकवर कितीतरी रणगाडे वाचले असते.

उपाय आहे थांबण्याचा. टेहळणी पथकाने शत्रू पाहिला की रणगाडा एक-दोन मिनिटं आडोशालाच ठेवा. त्याला निवडल्यावर त्या जागी प्रश्नचिन्ह दिसू लागलं की खबर पोचली. आता तो बाहेर आला तर त्या दिशेचा शत्रू त्याला लवकर सापडेल. आणि शक्यतो एकटा काढू नका. दोन रणगाडे दोन वेगळ्या जागांवरून एकाच वेळी बाहेर आले, तर शत्रूची नळी एका वेळी एकाकडेच वळू शकते. थर्मल साइट (उष्णतेवरून लक्ष्य दाखवणारी दुर्बीण) नसलेला जुना रणगाडा असेल तर दूर अंतरावर कमांडरचं झाकण उघडं ठेवा, नजरेत खूप फरक पडतो. पायदळ जवळ आलं की मात्र ते बंद हवं.

टेकडीवर जाण्याचा हुकूम दिला, परतण्याचा नाही

‘कॉम्बॅट मिशन’ टर्नच्या पद्धतीने खेळताना एक टर्न ६० सेकंदांचा. त्या ६० सेकंदांत तुम्ही काहीच करू शकत नाही. तरीही बरेच जण फक्त पुढे जाण्याचा वेपॉइंट (कुठे जायचं ती खूण) देतात आणि रणगाडा उरलेला वेळ माथ्यावर उघडा उभा राहतो. हुकूम पूर्ण द्या: पुढे, तिथे १५ ते २० सेकंदांचा थांबा, मग रिव्हर्सने मागे. पुढच्या वेपॉइंटवर क्लिक करून टार्गेटची रेषा ओढली की तिथून काय दिसेल याचा अंदाज आधीच घेता येतो. हे करायला अर्धं मिनिट लागतं आणि मी ते प्रत्येक वेळी करतो.

पण हा डाव प्रत्येक रणगाड्याला झेपत नाही, आणि हे मला फार उशिरा उमगलं. सोव्हिएत टी-७२ चा रिव्हर्सचा वेग ताशी ४ किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे सेकंदाला जेमतेम एक मीटर. दहा मीटर मागे सरकायला नऊ सेकंद. शिवाय त्याची तोफ खाली झुकते साधारण ६ अंश, अमेरिकन एम-१ अब्राम्सची १० अंश. माथ्यामागे अंग लपवून फक्त टरेट (वरचा फिरता घुमट) बाहेर काढणं अब्राम्सला जमतं तिथे टी-७२ ला निम्मं अंग दाखवावं लागतं. सोव्हिएत बाजू खेळताना डोकावण्याचा खेळ सोडा. संपूर्ण प्लाटून (तीन-चार रणगाड्यांची तुकडी) एकदम, कमी अंतरावर, तोफखान्याचा मारा चालू असताना बाहेर काढा. ते रणगाडे त्या पद्धतीसाठीच बनवलेले आहेत.

पायदळ गाडीतच बसून राहतं

८ ऑक्टोबर १९७३ रोजी सिनाईत इस्रायली रणगाड्यांनी पुरेसं पायदळ आणि तोफखाना बरोबर नसताना इजिप्तच्या पायदळावर प्रतिहल्ला केला. त्या पायदळाकडे सॅगर ही रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रं आणि खांद्यावरून डागायचे आरपीजी होते, आणि हल्ला मोडला. गेममध्ये आपण हीच चूक करतो, कारण गाडीतून नेलेलं पायदळ लवकर पोचतं.

आरपीजी-७ चा मारा उभ्या लक्ष्यावर ५०० मीटरपर्यंत, हलत्या लक्ष्यावर ३०० मीटरपर्यंत भरवशाचा. झाडी किंवा घरं समोर असतील तर त्या अंतराच्या अलीकडेच जवान उतरवा. उतरवण्याआधी मात्र ‘ॲक्वायर’ हुकूम (गाडीतला दारूगोळा उचलण्याचा) आठवा. ‘शॉक फोर्स २’ मध्ये जॅव्हलिनची रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रं अनेकदा गाडीच्या साठ्यात असतात आणि पथक आत बसलेलं असतानाच ती घेता येतात. “पथकाकडे जॅव्हलिन असूनही ते मारत का नाही?” या तक्रारीचं उत्तर बहुधा इथेच असतं: हातात लाँचर आहे, क्षेपणास्त्र मागच्या गाडीत राहिलं.

ब्रॅडली या पायदळ नेणाऱ्या अमेरिकन चिलखती गाडीबाबतही अशीच चूक होते. टो हे रणगाडाविरोधी क्षेपणास्त्र मारायला तिला थांबावं लागतं आणि लाँचरमध्ये दोनच तयार असतात. तिला धावतं ठेवलं तर टो वाया जातं.

सॅगरबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवा. ते साधारण १२० मीटर प्रति सेकंद वेगाने येतं, म्हणजे ३ किलोमीटर पार करायला २५ सेकंद, आणि तेवढा वेळ ते डागणाऱ्या जवानाला नजर ठेवून त्याला दिशा द्यावी लागते. ते सुटताना धूर दिसला त्या जागी मशीनगनचा मारा केला तरी त्या जवानाचा नेम हुकू शकतो. म्हणून मागे एखादी गाडी कायम पहाऱ्यावर ठेवावी.

पायदळाला लांब अंतरासाठी ‘स्लो’ हुकूम देऊ नका. तो हळू चालण्याचा नाही, सरपटण्याचा आहे, आणि माणसं काही मिनिटांत दमून निकामी होतात.

तोफखाना उशिरा मागवणं

शत्रू दिसल्यावर मागवलेले गोळे काही मिनिटांनी पडतात, तोवर जागा रिकामी. लढाईआधीच्या मांडणीच्या वेळीच मारा ठरवून घ्या: तेव्हा अंदाजाचे गोळे (नेम जुळवण्यासाठी आधी टाकलेले) लागत नाहीत आणि तो ५, १० किंवा १५ मिनिटांनी सुरू करता येतो. आपली चाल त्या घड्याळावर बसवा. लढाई सुरू झाल्यावर मागवत असाल तर अंदाजाचे गोळे चालू असताना स्पॉटरला (मारा बघून सुधारणाऱ्या निरीक्षकाला) हलवू नका. त्याची नजर तुटली की मारा भलतीकडे जातो.

धूर आणि कव्हर आर्क

साध्या धुरातून थर्मल साइट बघू शकते. म्हणून ‘कोल्ड वॉर’मध्ये थर्मल साइट असलेला अमेरिकन एम-६० ए-३ टीटीएस तुमच्याकडे आणि ती नसलेला सोव्हिएत टी-६२ समोर असेल तर धूर तुमचा मित्र. उलट परिस्थितीत तोच धूर तुम्हालाच आंधळं करतो. कोणाकडे कुठली साइट आहे ते सिनारियो सुरू होण्याआधी पाहून ठेवा.

आणि रणगाडा शत्रू समोर असूनही गप्प बसला असेल, तर सगळ्यात आधी कव्हर आर्क (तुकडीने कुठवर गोळीबार करायचा ती आखलेली हद्द) तपासा. दबा धरण्यासाठी दिलेला आखूड आर्क काढायचा राहून जातो आणि आर्कबाहेरच्या शत्रूवर तो गोळा झाडत नाही. मी आता आर्क दिलेल्या प्रत्येक गाडीचं नाव कागदावर लिहितो आणि हल्ला सुरू झाला की एकेक खोडत जातो.