एका पानातून कुमुदिनी

सप्टेंबरात लोक कास पठारावर कुमुदिनी बघायला जातात. तिथल्या तळ्याला तिचंच नाव पडलंय. रुपयाएवढं पांढरं फूल, पाकळ्यांवर लोकरीसारखी झालर, मध्ये पिवळा गळा. पण ती काही कासपुरतीच नाही. साध्या तळ्यांतही सापडते आणि अंगणातल्या टबातही मजेत वाढते.

त्यासाठी तळं उपसायची गरज नाही. पानाच्या लगेच खाली देठाला एक गाठ असते. फुलं तिथूनच निघतात आणि पान सुटलं की मुळंही तिथेच फुटतात. ज्यांच्याकडे कुमुदिनी आहे त्यांच्याकडून गाठीसकट एक पान मागून आणा. कासहून मात्र काहीही आणायचं नाही.

दीड फूट रुंद, फूटभर खोल टब घ्या. तळाशी चार बोटं काळी माती, तिच्यावर बोटभर जाड वाळू. कोकोपीट तरंगतं आणि ताजं शेण पाणी नासवतं, म्हणून दोन्ही नकोत. वाळूवर ताटली ठेवून तिच्यावर पाणी ओता, म्हणजे गढूळ होत नाही. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवून मग वापरा. गाठ मातीला टेकवून वर खडा ठेवा. सुरुवातीला पाणी चार बोटंच ठेवा आणि पानं वाढतील तसं वाढवा. ऊन पाच-सहा तास हवंच, नाहीतर नुसती पानंच येतील.

फूल सकाळी उमलतं आणि त्याच दिवशी मिटतं. तेवढ्या वेळात मधमाश्या येऊन जातात. खरी वर्दळ असते ती पानांवर. टाचण्या, म्हणजे चतुरांचे सडपातळ भाऊबंद, पाणवनस्पतींत अंडी घालतात, त्यांची पिल्लं पाण्यात डासांच्या अळ्या खातात. मोठ्या तळ्यात लांब बोटांचा कमळपक्षी अशाच तरंगत्या पानांवरून चालतो. तुमच्या टबात तो येणार नाही, पण बेडूक येईल. त्याला बाहेर पडता यावं म्हणून एक दगड तिरका टेकवून ठेवा. चतुरांना बसायला एक काठीही रोवा.

टाचण्या येईपर्यंत डास थांबत नाहीत. डोक्यावर चकाकता ठिपका असलेले, पाण्याच्या वरच्या थरात फिरणारे पॅनचॅक्स हे आपल्याकडचेच मासे. चार-पाच सोडा. गप्पी परदेशी, आणि ते टबातून ओढ्यात गेले की आवरत नाहीत.

पानांनी टब झाकला की निम्मी काढा आणि ओल्या कागदात गुंडाळून शेजारी द्या.