सुट्टीत मुलांना सावली गायब होताना दाखवा

मे महिन्यात आपल्या खान्देशात धाब्यांवर, म्हणजे घरांच्या सपाट छतांवर, बिबडे-कुरडया वाळत असतात, तिथेच मुलांसाठी एक सुंदर प्रयोग करता येतो. २५ मेच्या सुमारास धुळे-जळगावकडे आणि २७-२८ मेला नंदुरबारकडे भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. उभ्या वस्तूची सावली तिच्या बुडाखाली जाते, दिसतच नाही.

त्यासाठी सरळ कापलेला पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा घ्या. ग्लास नको, तो निमुळता असतो आणि सावली फसवते. गच्चीला पाणी जायला उतार दिलेला असतो, म्हणून खाली पाट ठेवून कागदाच्या घड्या सारून तो सपाट करा. वरून पाण्याचा थेंब टाका, तो घरंगळला नाही की झालं. बारापासून दर पाच मिनिटांनी मुलांनाच सावलीच्या टोकाशी खडूची खूण करू द्या. जळगावात साधारण १२:२५ला, नंदुरबारला १२:३०च्या आसपास पाइपाभोवती सावलीच उरत नाही. आतून मात्र तळापर्यंत ऊन पोचतं. हे बघताना मुलांचे चेहरे बघाच!

मग नकाशा काढा. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला असल्यामुळे हे फक्त कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या दरम्यानच घडतं. दिल्लीत कधीच नाही.

ऊन भयंकर असतं, तेव्हा डोक्याला रुमाल, पायात चप्पल हवीच. खूण केली की लगेच सावलीत. सूर्याकडे थेट बघू देऊ नका.