भरतपूरच्या घना पार्कात दिवसभर सायकल: कोल्हापूरकरांनो, या चुका टाळा

हिवाळा जवळ आला की आपल्याकडच्या सायकल ग्रुपवर कुणीतरी राजस्थानातल्या भरतपूरचा, म्हणजे तिथल्या पक्ष्यांच्या उद्यानाचा, विषय काढतंच, आणि पहिला प्रश्न ठरलेला, "किती किलोमीटरचा लूप आहे?" सगळ्या चुका इथूनच सुरू होतात. आपण जोतिबाचा घाट मारणारी, रविवारी गगनबावड्याला जाऊन दुपारी जेवायला घरी येणारी माणसं, आपल्याला राईड म्हटलं की अंतर आणि चढ एवढंच सुचतं. केवलादेव राष्ट्रीय उद्यान, तिकडची लोकं त्याला घना म्हणतात, ते अख्खंच जेमतेम २९ चौरस किलोमीटरचं आहे आणि एकदम सपाट. गेटपासून आतल्या केवलादेवाच्या मंदिरापर्यंत डांबरी रस्ता साधारण पाच किलोमीटर, बाकी सगळे मातीचे बांध. दिवसभर फिरलात तरी २०-२५ किलोमीटर होतील, आणि तेवढे पुरे आहेत, खरंतर दहा केले तरी चालतील.

मी तर म्हणेन जायच्या आधी घरीच प्रॅक्टिस करा. एखाद्या सकाळी कळंब्याच्या किंवा रंकाळ्याच्या तळ्यावर सायकल घेऊन जा आणि वारकरी पक्षी, पाणकावळे, खंड्या दिसला की थांबायची सवय लावून घ्या, म्हणजे पक्ष्याच्या जरा अलीकडेच वेग कमी करायचा, पाय हळूच टेकवायचा, दुर्बीण गळ्यातच ठेवायची, बॅगेत नाही. पाणपक्षी संथ चालत्या सायकलला तेवढे दचकत नाहीत, पण करकचून ब्रेक मारून धाडकन स्टँड लावला की अख्खा थवा उठतो. हे तिथं जाऊन शिकू म्हणाल तर पहिला अर्धा दिवस त्यातच जातो, आणि सकाळचा तो अर्धा दिवसच सगळ्यात मोलाचा असतो.

आता तारखेची चूक. दिवाळीची सुट्टी आहे म्हणून दिवाळीत जातात, आणि मग "बदकं कुठायत?" म्हणून हिरमुसतात. दिवाळीच्या सुमारास तिथं बघायचे ते चित्रबलाक (रंगीत करकोचे), पाण्यात मातीचे उंचवटे केलेत त्यावरच्या बाभळींवर त्यांची घरटी असतात, पाऊस बरा झाला असेल तर एकेका झाडावर कितीतरी, आणि पिल्लांचा नुसता कलकलाट. उत्तरेकडून येणारे तलवार बदक, थापट्या, पट्टेरी डोक्याचे हंस हे भरात असतात डिसेंबर-जानेवारीत, पण तेव्हा धुकं असलं पडतं की सकाळी नऊ-दहापर्यंत समोरचा बांध दिसत नाही. माझं मत विचाराल तर फेब्रुवारीचा पहिला-दुसरा आठवडा, धुकं बरंच उतरलेलं असतं आणि पाहुणे अजून गेलेले नसतात.

आणि बुकिंगच्या आधी एक फोन करून यंदा पाणी किती आहे ते विचारा, हे कुणीच करत नाही. घना हे आपोआप भरणारं तळं नाहीये. अठराव्या शतकात भरतपूरच्या सूरजमल राजाने अजान बांध घातला, त्याचं पाणी आत सोडून ही दलदल उभी राहिली, आणि आजही पाणी बाहेरून आणावंच लागतं. वरच्या बाजूला गंभीर नावाच्या नदीवर पांचना धरण झालं तेव्हापासून ते पाणी भरवशाचं राहिलं नाही, म्हणून गोवर्धन ड्रेन नावाच्या नाल्यावरून आणि चंबळ नदीच्या पाइपलाइनवरून पाणी घ्यायची वेळ आली. आत बांध घालून वेगवेगळे ब्लॉक केलेत आणि दारं उघडून एकेका ब्लॉकमध्ये पाणी सोडतात, त्यामुळे गेटवरच विचारायचं, सध्या कुठल्या ब्लॉकात पाणी आहे. हे न विचारता नकाशा बघून निघालात तर तास-दोन तास नुसत्या कोरड्या गवतातनं सायकल हाणत बसाल.

सायबेरियन क्रौंचाचंही तसंच. जुना लेख वाचून येणारे अजून तो विचारतात. २००२ नंतर तो इथं दिसलेला नाही. त्याच्या मागे लागू नका, सारसाची जोडी बघा, माणसाच्या उंचीचा पक्षी शेजारच्या शेतात उभा असतो आणि लोकं त्याच्यावरनं पुढं जातात.

आता सायकल. आपली सायकल ट्रेनने न्यायचा हट्ट बऱ्याच जणांचा असतो, पण मिरजेहून गोवा एक्सप्रेसने मथुरा आणि तिथून रस्त्याने भरतपूर, एवढ्या प्रवासात पार्सल डबा, सोडवासोडवी आणि ओरखडे, एवढं सगळं २५ सपाट किलोमीटरसाठी कशाला? तिथं भाड्याने सायकली मिळतात. फक्त भाड्याची सायकल नीट बघून घ्यायची, आणि इथं लोकं घाई करतात कारण सूर्य उगवायच्या आत आत शिरायचं असतं. म्हणून आदल्या संध्याकाळीच जाऊन सायकल ठरवा. मागचं चाक उचलून फिरवा, लडबडतंय का बघा, दोन्ही चाकांचे नट पान्याने आवळून मागा, ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलून बघा, चेन बोटाने वर-खाली करा, फार ढिली असेल तर बांधावरच्या खड्ड्यात ती नक्की निसटणार. सीट मात्र सगळ्यात महत्त्वाची. भाड्याच्या सायकलची सीट नेहमी खाली असते, आणि खालच्या सीटवर दिवसभर चालवली की संध्याकाळी गुडघे धरतात, मग सायकलीला शिव्या बसतात. पेडल खाली असताना टाच पेडलवर ठेवल्यावर पाय जवळपास सरळ व्हायला पाहिजे, एवढी सीट वर घ्या. ती वर निघत नसेल तर दुसरी सायकल मागा.

पंक्चर होणार, हे धरूनच चला. आत देशी बाभूळ आहे आणि विलायती बाभूळ तर इतकी माजली की ती उपटायची मोहीमच काढावी लागली, तिचे काटे वाळून बांधावर पडलेले असतात आणि ते खिळ्यागत सरळ आत जातात. इथं एक चूक हमखास होते, पंक्चर काढतात, हवा भरतात, आणि पाचशे मीटरवर परत चाक बसतं. कारण काट्याचं टोक मोडून टायरमध्येच राहिलेलं असतं, बाहेरून ते दिसत नाही. ट्यूब काढली की टायरच्या आतून कापड फिरवा, जिथं अडकेल तिथं टोक आहे, चिमट्याने नाहीतर नेलकटरने ओढून काढा, मगच ट्यूब बसवा. बोट फिरवू नका, बोटात जातं.

दुसरी गंमत पंपाची. आपल्यातल्या बऱ्याच जणांकडे छोटा पंप असतो तो मोटारसायकलसारख्या जाड श्रेडर वॉल्वचा, आणि भाड्याच्या साध्या सायकलला असतो जुना वालट्यूबवाला वॉल्व, म्हणजे आत बारीक रबरी नळी चढवलेला. बसत नाही. मग ग्रुपमध्ये चार पंप असून हवा कुणालाच भरता येत नाही. दोन्हीला चालेल असा पंप घ्या, आणि वालट्यूबचा वीतभर तुकडा खिशात टाका. हवा हळूहळू जाते पण ट्यूब पाण्यात धरली तर बुडबुडा येत नाही, असं असेल तर ती वालट्यूबच कुजलेली असते, पंक्चर शोधत बसू नका. बांधावर काटे जास्त दिसले तर उतरून सायकल खांद्यावर घ्या, ढकलत नेलीत तरी काटा लागतोच.

थंडीचा अंदाज आपला चुकतोच. कोल्हापुरात पहाटे स्वेटर घालतो तेवढंच घेऊन लोकं जातात, आणि तिथं जानेवारीत पारा कधी चार-पाच डिग्रीपर्यंत उतरतो, त्यात पाणी आणि वारा, हाताची बोटं इतकी बधिर होतात की ब्रेक दाबवत नाही. पूर्ण बोटांचे हातमोजे आणि कानटोपी न्याच. नुसती जर्सी आणि सायकलची चड्डी तिथं चालणार नाही, आणि जर्सी भडक तर अजिबात नको, मातकट रंगाचं काहीतरी घाला. स्पीकरवर गाणी लावणाऱ्याला मात्र ग्रुपने तिथल्या तिथं थांबवायचं, यात भिडस्तपणा नको.

बारा-पंधरा जणांचा जथ्था एका ओळीत नेऊ नका, चार-चारच्या तुकड्या करा आणि दुपारी मंदिरापाशी भेटा. मंदिराजवळ शिकारीचे आकडे कोरलेला दगड आहे, १९३८ च्या नोव्हेंबरात व्हाइसरॉय लिनलिथगोच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले ते त्यावर आहे. तो शांतपणे वाचाच, आणि मग त्याच पाण्यावर आज काय उतरलंय ते बघा. तिथं डबा उघडा ठेवू नका, माकडं येतात. पाणी दोन लिटर तरी जवळ पाहिजे, आत जागोजागी दुकानं नाहीत.

पैसे वाचवायला गाइड न घेणं हीसुद्धा चूकच. तिथले रिक्षावाले कितीतरी वर्षं पक्षी दाखवतायत, त्यांना पक्ष्यांचं ट्रेनिंग मिळालेलं आहे, झाडात बसलेलं घुबड आपल्याला दहा फुटांवरून दिसत नाही ते त्यांना रिक्षा चालवता चालवता दिसतं. सकाळचे तीन तास एकाला सोबत घ्या, तो रिक्षात आणि तुम्ही सायकलवर, दुपारनंतर एकटे फिरा.

संध्याकाळी परतीचा अंदाज लांबच्या टोकापासून धरा. बांधावर लाइट नाही, सूर्य मावळला की अंधार भराभर पडतो आणि नेमके त्याच वेळी रानडुक्कर, नीलगाय रस्त्यावर येतात, त्यामुळे मावळतीच्या तासभर आधी डांबरी रस्त्याला लागलेलं बरं. आणि परतीची गाडी त्याच रात्रीची काढू नका. धुक्यात उत्तरेकडच्या गाड्या चार-पाच तास सहज लेट होतात, शिवाय एक सकाळ हाताशी राहिली तर पहिल्या दिवशी धुक्यात हुकलेला ब्लॉक परत बघता येतो.