कन्या समूहातली पुसट बटुदीर्घिका आणि तिचे तारकागुच्छ: मोजणी कशी करायची

कन्या राशीतला दीर्घिका समूह आपल्यापासून साधारण १६.५ मेगापार्सेकवर, म्हणजे सुमारे ५.४ कोटी प्रकाशवर्षांवर आहे. या अंतरावर १ विकला (अंशाचा ३६०० वा भाग) म्हणजे ८० पार्सेक (१ पार्सेक म्हणजे ३.२६ प्रकाशवर्षं). हा आकडा समोर लिहून ठेवा, तो पावलोपावली लागतो. गोलाकार तारकागुच्छाची, म्हणजे जुन्या ताऱ्यांच्या दाट गोळ्याची, अर्धप्रकाश त्रिज्या (जिच्या आत निम्मा उजेड मावतो ती) ३ पार्सेकच्या आसपास असते, म्हणजे जेमतेम ०.०४ विकला. जमिनीवरच्या दुर्बिणीला तो ताऱ्यासारखा ठिपकाच दिसणार. बटुदीर्घिकेचं नेमकं उलटं: ती ऐसपैस पसरलेली, पण इतकी फिकट की आकाशाच्या उजेडात विरून जाते. म्हणून एकाच प्रतिमेवर दोन वेगवेगळ्या फेऱ्या माराव्या लागतात. दोन्ही कामं एकाच फेरीत उरकायला गेलात तर दोन्ही बिघडतात.

सरावाला व्हीसीसी १२८७ घ्या. बिंगेली, सँडेज आणि टॅमन यांच्या कन्या समूहाच्या १९८५ च्या यादीतली (तीच ‘व्हीसीसी’) ही दीर्घिका. तिची प्रभावी, म्हणजे अर्धप्रकाश, त्रिज्या ३० विकला, म्हणजे २.४ किलोपार्सेक. २०१६ साली तिच्याभोवती २२ ± ८ तारकागुच्छ असल्याचा अंदाज प्रसिद्ध झाला, त्यामुळे आपलं उत्तर पडताळायची सोय आहे.

दीर्घिका शोधायला लेगसी सर्व्हे या आकाश-सर्वेक्षणाच्या प्रतिमा पुरतात, पिक्सेल ०.२६२ विकलांचा. तारकागुच्छांसाठी मात्र त्या उथळ पडतात. गुच्छांच्या तेजस्वितेच्या वितरणाचा माथा व्ही फिल्टरमध्ये निरपेक्ष प्रत (१० पार्सेकवरून दिसली असती ती प्रत; आकडा लहान तितका उजेड जास्त) −७.४ च्या जवळ येतो. त्यात अंतराचे ३१.१ मिळवले की २३.७. जी फिल्टरमध्ये हाच माथा २३.९ च्या आसपास. तिथपर्यंत नीट पोचायचं तर हवाईतल्या सीएफएचटी दुर्बिणीच्या मेगाकॅम कॅमेऱ्याच्या प्रतिमा घ्या, त्या कॅनडाच्या सीएडीसी संग्रहात मिळतात. नाहीतर हबलच्या एसीएस कॅमेऱ्याच्या. हबलचं क्षेत्र अवघं २०२ विकला रुंद असल्यामुळे आजूबाजूचं आकाश मोजायला जागा अपुरी पडते, हे आधीच लक्षात घ्या.

पहिली फेरी दीर्घिकेची. एकूण प्रत १७.५ आणि प्रभावी त्रिज्या ३० विकला धरली, तर त्रिज्येच्या आतली सरासरी पृष्ठतेजस्विता १७.५ + २.५ लॉग (२π × ९००) = २६.९ प्रत प्रति चौरस विकला येते. चांगल्या वेधशाळेवरचं अंधारं आकाश जी फिल्टरमध्ये २२ च्या आसपास असतं. म्हणजे आपली दीर्घिका आकाशाच्या उजेडाच्या जेमतेम एक टक्का! आकाशाची पातळी ठरवताना एक टक्का चुकलात तर दीर्घिकाच हिशोबातून गेली.

आणि ती बहुतेकदा जाते सोर्स एक्स्ट्रॅक्टर या ठिपके शोधणाऱ्या प्रोग्रॅमच्या ‘बॅक साइज’मध्ये, म्हणजे आकाशाची पातळी मोजायच्या चौकटीच्या मापात. ६४ पिक्सेलची नेहमीची चौकट लेगसी प्रतिमेवर १७ विकलांची होते. आपली दीर्घिका तिच्यापेक्षा मोठी, त्यामुळे प्रोग्रॅम तिलाच आकाश समजून वजा करतो आणि मागे काळपट खळगा उरतो. ही चौकट १०२४ पिक्सेलची ठेवा. प्रतिमा ५ पिक्सेल रुंदीच्या गाउसियनने गुळगुळीत करा, उंबरठा १ सिग्मा (आकाशातल्या गोंगाटाच्या प्रमाण विचलनाइतका) आणि किमान क्षेत्र १०० पिक्सेल ठेवा. संग्रहातल्या तयार प्रतिमेतूनच आकाश जास्त वजा झालेलं असेल, तर पुढे काहीही केलं तरी तो उजेड परत येत नाही. वजाबाकी न झालेली मूळ प्रतिमा शोधा.

मग गॅलफिट या प्रोग्रॅमने सेर्सिक प्रतिमान बसवा; मध्यापासून बाहेर उजेड कसा उतरतो याचं हे सूत्र, आणि उताराचा आकार त्यातला सेर्सिक अंक ठरवतो. तुकडा प्रभावी त्रिज्येच्या किमान दहापट रुंद हवा. आसपासचे तारे आणि मागच्या दीर्घिका झाकून टाका. बटुदीर्घिकेचा सेर्सिक अंक सहसा ०.६ ते १.५ मध्ये असतो. तो ३ किंवा ४ आला तर नवीन काही सापडलं म्हणून खूश होऊ नका. आकाशाची पातळी चुकली आहे किंवा एखादा तारा झाकायचा राहिला आहे.

आता हे प्रतिमान मूळ प्रतिमेतून वजा करा आणि उरलेल्या प्रतिमेवर दुसरी फेरी. इथे बॅक साइज ३२. ठिपक्यांची प्रत ४ आणि ८ पिक्सेल व्यासाच्या छिद्रांतून मोजा. दोन्हींतला फरक ताऱ्यांच्या फरकाशी जुळला तरच ठिपका ठेवा. जी आणि आयमधला रंग साधारण ०.५ ते १.२ हवा. यू फिल्टर असेल तर जरूर वापरा, मागच्या निळ्या दीर्घिका त्यातच पकडल्या जातात. गाया या अवकाश दुर्बिणीच्या यादीत स्वगती (आकाशातलं सरकणं) दिसली तर तो आपल्याच आकाशगंगेतला तारा, काढून टाका. पण गाया २१ व्या प्रतीच्या पुढे जात नाही, म्हणून ही चाळणी फक्त सर्वांत तेजस्वी ठिपक्यांना लागू पडते. दीर्घिकेच्या मधोमध ठिपका असेल तर तो बहुधा तिचं केंद्रक असतो. तो गुच्छांत धरू नका.

खरी कसोटी पार्श्वभूमीची. समजा ६० विकला त्रिज्येच्या वर्तुळात, म्हणजे ३.१४ चौरस कलांमध्ये (१ कला = ६० विकला), माथ्यापर्यंतचे १४ उमेदवार सापडले. बाहेरच्या कड्यात दर चौरस कलेला २ उमेदवार आहेत. मग वर्तुळातले ६.३ उपरे, खरे ७.७. माथ्यापलीकडचा अर्धा भाग दिसलेलाच नाही, म्हणून दुप्पट केले की १५, आणि नुसत्या मोजणीची त्रुटी ± ७ च्या वर. एवढ्या ढोबळ उत्तराने नाराज होऊ नका, प्रसिद्ध आकड्याची त्रुटीही ८ आहे. कडं मात्र विचारपूर्वक निवडा. कन्या समूहातल्या एम८७ या महाकाय दीर्घिकेभोवती बारा हजारांहून जास्त गुच्छ आहेत आणि त्यांची घनता दूरवर हळूहळू उतरत जाते. कडं तिच्या बाजूला झुकलं तर उपरे जास्त मोजले जातात, आणि आपल्या दीर्घिकेच्या वाट्याला ऋण गुच्छ येऊ शकतात. तेव्हा कडं आठ भागांत कापून प्रत्येक भाग वेगळा मोजा.

दुप्पट करण्याआधी खोटे तारे पेरून पाहा: ०.२५ प्रतीच्या टप्प्याने, एका वेळी शे-दोनशेच, नाहीतर ते एकमेकांवरच पडतात. निम्मे सापडतात ती प्रत म्हणजे तुमची मर्यादा. ती २३.९ च्या अलीकडे आली तर गुणक २ पेक्षा मोठा घ्यावा लागेल.

सापडलेला पुसट डाग दीर्घिकाच आहे का, हेही तपासा. तेजस्वी ताऱ्याचं प्रतिबिंब सहसा गोल आणि कडेला धारदार असतं. आपल्या आकाशगंगेतली धूळ तंतुमय दिसते आणि दूर-अवरक्त नकाशात त्याच जागी उजळते. डाग खरा निघाला तरी तो कन्या समूहातलाच असेल असं नाही, कारण त्याच दिशेला जवळपास दुप्पट अंतरावर आणखी दीर्घिका आहेत. वेग मोजल्याशिवाय खात्री नाही, आणि इतक्या फिकट प्रकाशाचा वर्णपट घ्यायला ८ ते १० मीटरची दुर्बीण लागते. वेग हाती नसेल तर यादीत त्या नोंदीपुढे ‘संभाव्य सदस्य’ एवढंच लिहा.