मोटरहोम बिघडण्याआधीच लेबलांचे फोटो काढून ठेवा

मेकॅनिक येतो, मॉडेल बघतो आणि पार्ट आणायला परत जातो. गाडीतच राहणाऱ्याचं घर तेवढे दिवस तिथेच अडकून पडतं.

एखाद्या निवांत दुपारी एवढं उरकून टाका:

१. फ्रिज, हीटर, पाण्याचा पंप, इन्व्हर्टर यांच्या लेबलांचे फोटो काढा. मॉडेल आणि सीरियल नंबर दोन्ही वाचता आले पाहिजेत. फ्रिजचं लेबल बहुधा दारामागे आतल्या बाजूला असतं. पंपाचं मात्र कुठल्यातरी सांदीत. मोबाइल आत सरकवून अंदाजानेच फोटो घ्यावा लागतो, चार-पाच वाया जातात.

२. चेसिस (गाडीचा खालचा सांगाडा) आणि वरचं घर बरेचदा वेगवेगळ्या कंपन्यांचं असतं. दोन्हींचे नंबर घ्या.

३. टायरचा साइझ आणि तो कधी बनला ते सांगणारा चार आकडी कोड. ३२२१ म्हणजे २०२१ चा ३२ वा आठवडा.

फोटो फोनमध्येच ठेवा, नुसते क्लाउडवर नकोत. मेकॅनिकला आधी फोटो पाठवा, तक्रार नंतर सांगा.

लेबल शोधताना एखादं पॅनल उघडावं लागलंच, तर गॅसचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा, बाहेरची वीज काढा आणि इन्व्हर्टरही बंद करा. इन्व्हर्टर बंद करायचं हमखास विसरायला होतं.